व्याह्याच्या पोत्याला बोळा नाही

मनोहररावांना पुढचं दिसायचं. ज्योतिष वगैरे नाही. फक्त पुढची संकटं दिसायची, आणि तीही मिरचीच्या वाटेने येणारी. आंध्रात ढग जमले की हे कन्हानमध्ये खुर्चीवरून उठत आणि नागपूरला कळमन्याच्या बाजारातून लोक हसतील एवढी मिरची उचलून आणत. मसाल्याच्या पाकिटावर काय छापायचं याचा नियम बदलणार, अशी नुसती कुणकुण लागली की जुनी पाकिटं छापणं बंद. एकुलत्या मुलीच्या, हर्षाच्या लग्नात त्यांनी एक बँड वाजवायला आणि एक राखीव ठेवला होता. राखीव बँडवाले पंगतीत पहिले बसले आणि शेवटी उठले. आम्ही शेजारी विचारायचो, मनोहरराव, राखीव नवरदेव कुठे बसवला होता? ते हसत नसत. विचारात पडत.

त्यांची मसाल्याची गिरणी लहानशीच, पण कामठीपासून सदरपर्यंतच्या कितीतरी पोहेवाल्यांची, पोह्यांवर ओतायची तर्री तिच्यावर लाल व्हायची. गिरणीची सगळी अब्रू मनोहररावांच्या शर्टाच्या खिशात असे: तेलात भिजवलेला कापसाचा बोळा. पोतं आलं की चार मिरच्या काढायच्या, वरून बोळा घासायचा. पांढरा राहिला तर पोतं आत, लाल झाला तर पोतं परत, कारण मिरचीचा स्वतःचा रंग असा हाताला येत नाही, वरून लावलेला येतो. खिशावर तेलाचा कायमचा डाग पडला होता. त्यांच्या पत्नी प्रयागबाई त्याबद्दल आयुष्यभर साबणाला दोष देत आल्या.

त्या वर्षी अवकाळी पावसात बाजारातली उघड्यावरची मिरची भिजली आणि फिकी पडली. मनोहररावांनी आधीच भरून ठेवली होती. पण बाकीच्या गिरण्या अडल्या, सगळं गिऱ्हाईक यांच्याच दारात आलं, आणि भरलेली मिरचीही संपली. नेमकी तेव्हाच सावनेरहून श्रावणजींची गाडी आली. श्रावणजी मिरचीचे व्यापारी आणि हर्षाचे सासरे. एवढ्या पावसानंतरही पोत्यातला माल नव्या नवरीच्या शालूसारखा लाल.

मनोहररावांचा हात खिशाकडे गेला. चहा घेऊन येणाऱ्या प्रयागबाईंनी तो पाहिला आणि त्यांना आत बोलावलं.

"पोरगी देली तवा बोळा लावला होता काय?" त्या हळूच म्हणाल्या. "आता इवायाच्या पोत्याले लावून राहिले."

हात खाली आला. आपल्याकडे व्याह्याचं पोतं तपासत नाहीत. त्याच्याकडे बिलही मागत नाहीत. उलट चहानंतर पोह्यांचा आग्रह झाला.

पुढे अन्न खात्याच्या साहेबांनी गिरणीतून नमुना नेला, आणि अहवालात मिरचीबरोबर कपडे रंगवायचा रंग निघाला. गिरणीला कुलूप लागलं. ज्यांच्या पोरांच्या बारशाला मनोहरराव जेवले होते, ते तर्रीवाले एकेक करून आले, उरलेली पाकिटं ओट्यावर ठेवून न बोलता गेले. दोघांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं मनोहरराव नंतर मला म्हणाले.

साहेब भला माणूस होता. माल कुणाचा ते सांगा, म्हणाला. तुमचा भार हलका होईल, आणि बाकीची पोती कुठे गेली तेही शोधता येईल. मनोहररावांना पुढचं दिसलंच. आपण इथे नाव घेतलं की सावनेरच्या घरात हर्षाच्या ताटासमोर काय काय बोललं जाईल, ते शब्दसुद्धा त्यांना ऐकू आले.

मिरची हातात घेऊन तिचं गाव सांगणारा हा माणूस म्हणाला, "आठवत नाही."

केस उभी राहिली. तुरुंगाचीही तयारी ठेवा, असं वकिलाने सांगितलं. श्रावणजी संत्रा बर्फी घेऊन भेटायला आले आणि धंद्यात असं होतच राहतं, म्हणून गेले. डबा कुणी उघडला नाही. मनोहररावांनी बर्फीलाही बोळा लावला असता, पण बोळा त्यांनी केव्हाच चुलीत टाकला होता.

दिवाळीला हर्षा आली. जेवताना ती वाटीतल्या रश्शाकडे पाहत होती.

"बाबा," ती म्हणाली, "आमच्या घरी खायाची मिरची येगळ्या पोत्यातली राह्यते."

मनोहररावांचा घास हातातच राहिला.

"तिले बोळा लावला, तो पांढराच राह्यला. मंग गोदामातल्या मिरचीले लावला. ते पोते अजून गावोगाव जाऊन राहिले. तुम्ही नाव सांगून द्या."

"अवं, मंग तुले ते ठेवतीन काय?" प्रयागबाई म्हणाल्या.

हर्षाने दाराकडे पाहिलं. दाराशी दोन मोठ्या बॅगा होत्या. दिवाळीसाठी आलेली लेक एक आणते. दुसरीत तिचे हिवाळ्याचे कपडे होते, आणि कॉलेजच्या प्रमाणपत्रांची फाईल.

मनोहरराव त्या बॅगांकडे पाहत राहिले.

"हे मले दिसलं नाही," ते म्हणाले.

त्यांनी हात धुतले आणि शर्ट मागितला. प्रयागबाईंनी डागवाला शर्ट आणून दिला, बटणंही लावून दिली. अन्न खात्याची कचेरी भाऊबीज उलटेपर्यंत बंद होती. ते सगळ्यांनाच माहीत होतं, तरी शर्ट घालून ते ओट्यावर, गिरणीच्या कुलपाकडे तोंड करून बसले.