स्पेन कोणाच्या बाजूने होता

लंडनच्या पिनर उपनगरातून निघताना भाची म्हणाली, "मावशी, एवढ्यासाठी साउथहॅम्प्टनला? फोनवर सॉरी म्हणून टाक ना."

शिक्षा वर्गासमोर केली होती. माफी फोनवर कशी मागायची?

पंचवीस वर्षांपूर्वी साताऱ्याच्या शाळेत मी ठासून सांगितलं होतं, की फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धांत स्पेन फ्रान्सच्या बाजूने लढला. नववीतली सुलभा उठून म्हणाली, "बाई, आधी तो इंग्लंडच्या बाजूने होता." उलट बोलते म्हणून मी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. आणि गेल्या आठवड्यात पिनरच्या लायब्ररीत वाचलं: फ्रान्सच्या राजाचं मुंडकं उडाल्यावर स्पेन इंग्लंडच्या गोटात शिरला, दोन वर्षांत मार खाऊन तह करून मोकळा झाला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सशी हातमिळवणी करून इंग्लंडवर उलटला. प्रशियाने तर मधेच काढता पाय घेतला. पोर खरं बोलली होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

पाटीवर साउथहॅम्प्टन वाचून एक स्टेशन आधीच उतरले. ते पार्कवे निघालं, विमानतळाजवळचं. अर्धा तास वाऱ्यात कुडकुडले, पण परतायचा विचार मनात आला नाही.

सुलभा आता इथे मुलांची डॉक्टर आहे. तिने मटकीची उसळ आणि क्रम्पेट (जाळीदार, जाडसर धिरडं) वाढलं. मी विषय काढला की ती "बाई, अजून थोडी उसळ?" म्हणायची. जेवण झाल्यावर तिची पंधरा वर्षांची मीरा आम्हाला बंदरावर घेऊन गेली. कंटेनरच्या बोटींवर नाना देशांचे झेंडे फडफडत होते.

तिथे मी थांबले. "मीरा, तूही ऐक. तुझ्या आईने खरं उत्तर दिलं होतं आणि मी तिला वर्गाबाहेर काढलं. सुलभा, मी चुकले. मला माफ कर."

"मम्मी बाहेर उभा होता? रिअली?" मीराने तोडक्यामोडक्या मराठीत विचारलं.

सुलभा पाण्याकडे बघत म्हणाली, "बाई, खिडकीतून तुम्ही दिसत होतात. तासभर वाट पाहिली. तुम्ही एकदाही बाहेर बघितलं नाहीत."

मग तिनेच माझा हात धरला आणि स्टेशनपर्यंत सोडला नाही.

गाडी सुटायच्या आधी मीरा खिडकीशी आली. "आजी, मग स्पेन कुणाच्या साइडला होता?"

तीस वर्षं शिकवल्यावर जीभ शिवशिवतेच. मी ती आवरली.

"आईला विचार," मी म्हटलं. "तिला तेव्हाही ठाऊक होतं."

गाडी हलली. वळण येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते.