कांताबाईंचं उशिरा उलटलेलं पान

रेल्वे कॉलनीमागच्या विहारात कांताबाई मेश्राम यांच्याशिवाय पौर्णिमेची वंदना सुरू होत नसे. पुस्तिका हातात धरून, घसा खाकरून त्या म्हणू लागल्या की मागे साठसत्तर बायामाणसं एका सुरात म्हणत. तीस वर्षं हे असं चाललं होतं, आणि या तीस वर्षांत कांताबाईंना एक अक्षरही वाचता येत नव्हतं.

ही गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती. वंदना त्यांनी सासूच्या तोंडून ऐकून पाठ केली होती. पुस्तिका नुसती शोभेला. नवरा शामराव रेल्वेतून रिटायर झालेले, मुलगा प्रशिक शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यात. घरात वाचणारे पुष्कळ, त्यामुळे अडलं नाही. कोणी लग्नाची पत्रिका पुढे केलीच, तर "चष्मा घरीच राह्यला" हे उत्तर तयार. एकदा घरात बसूनच हे उत्तर दिलं, तेव्हा हिंदी शाळेत जाणारी नात पिंकी म्हणाली, "आजी, चश्मा तो आपके सिर पर है." मग कांताबाईंना डोकं दुखल्याचं सोंग घ्यावं लागलं. सोंग वठवण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पुढे विहारात प्रौढ बायांचा साक्षरता वर्ग निघाला, आणि कमिटीनं शिकवायला एकमतानं नेमलं कोणाला, तर कांताबाईंना. पुस्तक धरून एवढं खणखणीत वाचणारी दुसरी बाई वस्तीत होती कुठे? कांताबाईंना हो म्हणावंच लागलं. नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार.

वर्गाची देखरेख चौबे कॉलनीत राहणाऱ्या निवेदिता मॅडमकडे होती. सरकारी शाळेतली तरुण शिक्षिका. शिकणाऱ्यांचीच नव्हे, शिकवणाऱ्यांचीही चाचणी घेतल्याशिवाय वर्ग उघडायचा नाही, हा तिचा हट्ट. तिनं कांताबाईंना विहारात एकटंच बसवलं आणि त्यांचीच पुस्तिका पुढे ठेवली. कांताबाई सुटल्या. अडखळणं नाही, चूक नाही. फक्त पान उलटायला तीन ओळी उशीर झाला.

मॅडमनं पान मागे घेतलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "मावशी, एवढा एकच सांगा."

कांताबाई ओठातल्या ओठात पहिल्यापासून म्हणत, ओळींवरून बोट सरकवत त्या शब्दाकडे निघाल्या आणि पोचल्या भलत्याच शब्दाशी. मॅडमनं दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. तेव्हा मात्र त्यांनी पुस्तिका मिटली आणि पदर तोंडाशी धरला.

"आता सांगून टाक सगळ्यायले," त्या म्हणाल्या.

"काहून सांगू? चाचणी तुमची झाली, सगळ्यांची नाही." मॅडम उठून दार लोटून आली. "मावशी, पाठांतर तुमचं पैकीच्या पैकी आहे. वाचन शून्य आहे. शून्य कळलं ना, म्हणजे कुठून सुरू करायचं तेही कळलं."

कांताबाईंना आधी संतापच आला. कालची पोर आपल्याला शून्य देते म्हणजे काय? घरी येऊन त्यांनी भांडी आदळली. घासता घासता रडू फुटलं, आणि चौथ्या-पाचव्या भांड्याशी त्यांच्या ध्यानात आलं, की हे रडू रागाचं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एकटीनं लपवावं लागत नव्हतं.

कमिटीला मॅडमनं सांगितलं, शिकवायचं मी बघते, मावशी मला मदतीला हव्यात. मग दुपारी "वर्गाचं काम हाय" म्हणून कांताबाई मॅडमच्या घरी चौबे कॉलनीत जाऊ लागल्या, आणि ते खोटंही नव्हतं. दर पंधरा दिवसांनी मॅडम कधी न पाहिलेला मजकूर पुढे करी. तेलाच्या पुड्यावरचा, शाळेच्या सूचनेवरचा. किती शब्द बरोबर आले ते वहीत लिही. पहिल्यांदा तीन. मग अकरा. मग चौतीस. एकदा डॉक्टरची चिठ्ठी दिली, पण ती मॅडमलाही लागली नाही. त्या दिवशी दोघी पोट धरून हसल्या.

मार्चमध्ये साक्षरतेची परीक्षा झाली. विहारातल्या बायांनी जवळच्या केंद्रावर दिली, कांताबाईंनी गुपचूप मॅडमच्या शाळेत. बुद्धपौर्णिमेला मॅडम पास झालेल्यांची एकत्र यादी घेऊन आली आणि कांताबाईंना बाजूला नेऊन म्हणाली, "तुमचं नाव शेवटी आहे. नको असेल तर गाळून वाचते."

कांताबाईंनी यादीकडे पाहिलं, मग समोर सतरंजीवर बसलेल्या माणसांकडे. ते नाव वाचलं, की तीस वर्षांचा मान एका झटक्यात जाणार होता.

"दे इकडं," त्या म्हणाल्या. "मीच वाचीन."

माइकवर त्यांचा आवाज आला. "शां... शांताबाई... वा... वास-निक." प्रत्येक नावाला दम लागत होता. लोक चुळबुळू लागले. खणखणीत कांताबाई अशा चाचपडताना कोणी पाहिल्या नव्हत्या. "बाई थकली आता," मागून कोणी हळहळलं. निवेदिता मॅडम मात्र खांबाला टेकून डोळे पुसत होती. ते चाचपडणं म्हणजे काय, हे तिथं तिला एकटीलाच कळत होतं.

शेवटचं नाव आलं. कांताबाई थांबल्या, मग एकेक अक्षर धरून म्हणाल्या, "कांताबाई शामराव मेश्राम. पास."

"मले वाचता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पाठ होतं फक्त."

पुढच्या रांगेतून शामरावांनी विचारलं, "मंग तीस वर्सं पुस्तक काहून धरत होती?"

"सासूबाई धरत होत्या म्हणून. त्यायले तरी येत होतं का, कोणाले ठाऊक." यावर बाया हसल्या, शामरावही हसले. कांताबाईंनी मॅडमकडे हात केला. "माह्या आवाजाले तुमी सगळ्यायनं पैकीच्या पैकी देल्ले. या पोरीनं शून्य देल्लं, अन् कोणाले बोलली नाई. तिचे उपकार मी फेडू शकत नाई, अन् मले फेडायचेही नाहीत. राहू दे तसेच."

मग कोणीतरी म्हणालं, "कांताबाई, वंदना घ्या." दुसऱ्या कोणाला सांगायचं, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

त्यांनी पुस्तिका उघडली. बोट ओळीवर ठेवून, नेहमीपेक्षा सावकाश, त्या म्हणू लागल्या. मागची माणसं त्यांच्या चालीनं सावकाश झाली. ओळ संपली, पान संपलं, आणि कांताबाईंनी ते बरोबर तिथंच उलटलं.