घुमी ठाण्यात बसली

माझ्या भावाची बायको बोलत नाही. मुकी नाही हो, जीभ शाबूत आहे, पण ती वापरायची म्हटलं की तिच्या जिवावर येतं. लग्न होऊन आली त्याच वर्षी मी तिला घुमी म्हणायला लागले, आणि त्यावरही ती काही बोलली नाही. मी तिची मोठी नणंद. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे मीच सांगून टाकते, म्हणजे इतरांना कष्ट नकोत. म्हणून भावाला पोलिसांनी नेलं तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरलं की ठाण्यात बोलणार ती मीच.

भाऊ चावीवाला. बाजारात एका जिन्याखाली त्याची टपरी आहे. किल्ल्या बनवतो, अडलेली कुलपं उघडून देतो. एके दिवशी एक माणूस घाईघाईत आला. किल्ली हरवली, घर उघडून द्या म्हणाला. भाऊ गेला, दार उघडून दिलं, परत आला. घर निघालं भलत्याचंच! मालक परगावाहून आले तर कपाटं रिकामी. तो भामटा तोंडावर टोपी ओढून कधीच पसार झालेला, आणि फाटकावरच्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसत होता कोण? हत्यारांची पिशवी खांद्याला लावलेला आमचा शहाणा.

मी ठाण्यात शिरले तीच आवाज चढवून. "माझा भाऊ चोर नाही! त्याला कधी सोडताय ते सांगा!"

टेबलावरचा हवालदार मान वर न करता म्हणाला, "बाई, बाहेर बसा."

मग काय, मी तोंडाचा पट्टाच सोडला. त्याने मला खरोखर बाहेर बसवलं. घुमी मात्र आतच राहिली, भिंतीलगतच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन. तिला कुणी हाकललं नाही, कारण ती तिथे आहे हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, आपण चुकीच्या माणसाशी भांडलो."

"आपण कसलं? मी भांडले."

"त्या हवालदाराच्या हातात काही नाही. आलेल्याला थोपवायचं, एवढंच त्याचं काम. दुपारी तो जातो, दुसरा बसतो, आणि पहिल्याने कुणाला काय सांगितलं हे दुसऱ्याला ठाऊक नसतं. आपला तपास वरच्या मजल्यावरच्या मॅडमकडे आहे. सोडायचं की नाही ते त्याही ठरवत नाहीत, न्यायाधीश ठरवतात. पण न्यायाधीशांपुढे काय मांडायचं ते मॅडमच्या हातात आहे."

एवढं सलग मी तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावाला कोर्टात उभं केलं आणि कोठडी मिळाली. मी रडून घर डोक्यावर घेतलं. घुमी एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करते. तिने तिथे सुट्टी सांगितली, डोळे पुसले आणि पुन्हा ठाण्यातल्या त्या बाकावर जाऊन बसली. मॅडम जिना उतरल्या की ही उभी राहायची. त्या नको म्हणाल्या की बसायची. शेवटी मॅडमच कंटाळल्या. "काय हवंय तुम्हाला?"

कधी सोडता, हे घुमीने विचारलंच नाही. तिने विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय मिळालं तर त्यांचं म्हणणं खरं वाटेल?"

मॅडमनी तिला वर बोलावलं. "तो म्हणतो, दार उघडताना शेजारचं कुणीतरी टॉर्च धरून उभं होतं. बाईमाणूस होतं, अंधारात चेहरा दिसला नाही. आम्ही मजल्यावर सगळ्यांना विचारलं. कुणीच कबूल होत नाही. आता असा साक्षीदार मी कुठून आणू?"

इथे आमच्या घराण्याची एक खोड सांगायला हवी. आमचे वडीलही चावीवालेच. परक्याचं दार एकट्याने उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. शेजारच्याला हाक मारायची आणि त्याच्या हातात टॉर्च द्यायचा. टॉर्च दातात धरूनही काम होतं, पण शेजारी तिथे राजीखुशीने उभा राहिला म्हणजे घर त्याच माणसाचं. शेजारी कुरकुरला की पिशवी उचलून चालू पडायचं. भावाने हा नियम कधी मोडला नाही. म्हणजे टॉर्च धरणारी कुणीतरी होतीच.

आम्ही दोघी त्या इमारतीत गेलो. मी तोंड बंद ठेवायचं, या अटीवर. समोरच्या घरात एक म्हातारी एकटी राहत होती. तिने दार किलकिलं केलं आणि म्हणाली, "मी झोपले होते त्या दिवशी." अहो, आम्ही अजून काही विचारलंच नव्हतं! मी उसळणार तोच घुमीने माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. मग दाराबाहेरूनच म्हणाली, "मावशी, मी कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला भीती कसली वाटते, तेवढंच सांगा."

दार उघडलं. म्हातारी रडायलाच लागली. "तो टोपीवाला म्हणाला, मावशी, ओळखलं नाही? समोरच्यांचाच मी. लहानपणी तुमच्या घरात खेळायचो. हल्ली चेहरेच लक्षात राहत नाहीत गं माझ्या. लाज वाटली. म्हटलं, हो हो, ओळखलं की! आणि टॉर्च धरून उभी राहिले. हे मुलाला कळलं तर तो मला इथे एकटीला राहू द्यायचा नाही. हे घर सुटलं तर मी संपलेच."

माझा राग अर्धा विरला. अर्धा राहिला, कारण भाऊ अजून आत होता.

घुमी म्हणाली, "मुलगा काय करेल ते माझ्या हातात नाही. खोटा धीर मी देणार नाही. पण माझा नवरा तुमच्या एका 'हो'मुळे आत आहे. उद्या सकाळी मी खाली उभी राहते."

सकाळी म्हातारी केस विंचरून, कठडा धरून खाली आली.

तिचं वय बघून मॅडमनी तिच्या मुलालाही बोलावून घेतलं. तो आला तोच तणतणत. "आईला कालचं आज आठवत नाही. तिच्या जबाबाला काय अर्थ आहे?"

मॅडमचं पेन थांबलं. आणि आमची घुमी उभी राहिली. तिचा आवाज खालच्या हवालदारापर्यंत गेला असणार.

"त्या कुणाला ओळखलं हे सांगायला आल्याच नाहीत! ओळखलं नव्हतं तरी हो म्हटलं, हे सांगायला आल्यात. बोलू द्या त्यांना!"

म्हातारी मुलाकडे बघत म्हणाली, "विसरते मी. तुझ्यापासून लपवते. पण हे विसरता आलं असतं तर मला झोप तरी लागली असती."

मुलगा खाली बसला. मॅडम म्हणाल्या, "सांगा आजी, सावकाश." आणि लिहायला लागल्या.

पुढच्या तारखेला भाऊ सुटला. आता तो आरोपी नाही, साक्षीदार आहे. मी त्याच्या गळ्यात पडले, रडले, वर दोन शिव्याही हासडल्या. घुमीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, "जेवलात का?" एवढंच विचारलं, आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेल्या म्हातारीकडे गेली.

म्हातारीने तिचा हात धरला. "मला एकटीला राहता येईल का गं आता?"

माझ्या ओठांवर आलंच होतं, हो हो, का नाही! पण घुमी म्हणाली, "नाही, मावशी. मुलाकडे जा. मी तिकडे येत जाईन. ओळखलं नाहीत तर सरळ नाही म्हणा. मी पुन्हा सांगेन, मी कोण ते."

म्हातारी मुलाकडे राहते आता. घुमी दर सुट्टीला जाते. मीही एकदा गेले होते. म्हातारीने दार उघडलं, घुमीकडे नीट निरखून पाहिलं आणि ठणकावून म्हणाली, "नाही ओळखलं."

मग घुमी आत जाऊन तिच्याजवळ बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली.