इन्सुलिनच्या डब्यातलं दुसरं पेन

"तुले दिसत नाही का व? चार दिसांपासून आई घोटभर पाणी ठेवून नाही राह्यली पोटात, अन तू म्हनतं संध्याकाळपर्यंत पाहू?" उत्तमरावांनी कप ओट्यावर आदळला. चहा उडून पोळपाटावर सांडला.

सुचितानं तव्यावरची भाकर उलटली. "मी नाही कुठं म्हनून राह्यली? काल सलाईन लागलं. जरा उतार पडू द्या."

"उतार! बाबाले बी असाच उतार पडू देल्ला होता आपन. ध्यानात हाय ना?"

ध्यानात कसं नसणार? संग्रामपूरकडच्या या खाऱ्या पाण्याच्या गावांत कोणी चार दिवस ओकलं, की शेजारीपाजारी आधी किडनीच म्हणतात. सुचिताचा सासरा त्यातच गेला होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला नेता-आणताना उत्तमरावांच्या केसांत पांढरं आलं होतं, ते तेव्हापासूनच.

"बाबा, तुमी अकोल्याची गाडी सांगा," काजल दारातून म्हणाली. खामगावच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली पोर, बापाच्या बाजूनं उभी राहिलेली. "मम्मी डॉक्टर हाय का?"

आतल्या खोलीतून गोजरबाईंचा बारीक, पण धारदार आवाज आला, "काऊन बे भांडता? मी मेल्यावर भांडजा ना निवांत. मंग कोनी मधात बोलनार नाही."

उत्तमराव तरातरा आईकडे गेले. सुचितानं पुढची भाकर तव्यावर टाकली. अकोल्याचा डॉक्टर पहिल्यांदा काय विचारणार, ते तिला पाठ होतं. औषधं कोणती चालू आहेत, दाखवा. मग फ्रिजमधला सासूचा इन्सुलिनचा डबा पिशवीत पडणार, टेबलावर उघडणार, आणि डॉक्टर विचारणार, आजी यातलंच पेन घेत होत्या ना?

त्या डब्यात कालपर्यंत दुसरंही एक पेन होतं, तिचं, आणि आता ते तिच्या कमरेला खोचलेलं होतं.

सुचिता गावच्या अंगणवाडीची सेविका. एकोणीस वर्षं झाली. दर महिन्याला गावातली लेकरं झोळीत घालून काट्याला लटकवायची, किलो-ग्राम वहीत मांडायचे आणि ज्याचं कमी भरलं त्याच्या आईला समजावून सांगायचं, हे तिचं काम. दिवाळीनंतरच्या वजनाच्या दिवशी तिनं एका बाईला म्हटलं, "बाई, पोरगं महिन्याभरात पाव किलोही नाही वाढलं. याले काय चारतं तू?" त्या बाईनं लेकरू झोळीतून काढलं आणि सुचिताला वरून खालपर्यंत पाहिलं. "माह्या पोराचा खाऊ कुठं जाऊन राह्यला, ते दिसतेच ना ताई." रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मदतनीस सोजराबाईसुद्धा हसली आणि मग उगाच भांडी वाजवायला लागली.

एकोणीस वर्षांत सुचितानं मुलांच्या खाऊतली मूठभर डाळ घरी नेली नव्हती. पण हे कोणाला सांगणार? तिचं अंगच तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं. थायरॉइडची गोळी होती, दोन बाळंतपणं होती, भात सोडून झाला होता, पहाटेचं चालणं करून झालं होतं. त्या दिवसापासून काटा टांगताना ती बायांकडे पाठ करून उभी राहायची.

फोनवर जाहिरात आली ती त्याच दिवसांत. घरबसल्या डॉक्टर, आठवड्याला एक इंजेक्शन, वजन खाली. ॲपनं वजन विचारलं तेव्हा तिनं सोजराबाईला पाण्याला पाठवलं, अंगणवाडीचं दार आतून लावलं आणि गरोदर बायांच्या काट्यावर उभी राहिली. चौऱ्याण्णव. तो आकडा तिनं फोनमध्ये भरला आणि काट्यावरची धूळ उगाच पदरानं पुसली. मग बाजूनं काढलेला फोटो हवा होता. तो तिनं न्हाणीत काढला, फोन साबणाच्या कोनाड्यात टेकवून, श्वास रोखून. श्वास सोडल्यावर पुन्हा काढावा लागला, कारण डॉक्टरला खरं दाखवायचं होतं.

रेंज फक्त गच्चीवर यायची. वाळवण राखायच्या निमित्तानं ती टाकीच्या आडोशाला बसली आणि पुण्याची एक तरुण डॉक्टरीण पडद्यावर आली. बाई चांगली होती. रक्ताचे रिपोर्ट पाहिले, कोणाला काय आजार आहे ते विचारलं. सासूला साखर आहे, इन्सुलिन चालू आहे, हे ऐकल्यावर तिनं बोट वर केलं. "मग हे पेन त्यांच्या औषधांपासून वेगळं ठेवा हं. घरात सगळ्यांना सांगितलंय ना?"

"हो," सुचिता म्हणाली. खाली अंगणात गोजरबाई कोणाला तरी हाका मारत होत्या.

कुरिअर गावापर्यंत येत नव्हतं. ती बसनं संग्रामपूरला गेली, बर्फाच्या पाकिटात गुंडाळलेला खोका अंगणवाडीच्या रजिस्टरांमध्ये दडवून आणला आणि घरी आल्यावर प्रश्न पडला, ठेवायचं कुठं? त्यांच्या घरचा फ्रिज म्हणजे अर्ध्या गल्लीचा. कोणाचं इडलीचं पीठ, कोणाच्या पाहुण्यांसाठी बर्फ. दार दिवसातून वीस वेळा उघडायचं. सगळ्या फ्रिजमध्ये एकच जागा होती जिथं कोणी हात घालत नसे, ती म्हणजे दारातला निळा डबा, सासूच्या इन्सुलिनचा. सुचितानं नखानं खरडून पेनवरचं लेबल काढलं. नाव कोणी वाचू नये म्हणून. आणि ते पेन त्या डब्यात, अगदी तळाला, ठेवून दिलं.

आठवड्याला एक टोचणं, दर रविवारी. दोन महिने सुरळीत गेले. पाच किलो उतरले. बाया विचारायला लागल्या, तेव्हा तिनं सांगितलं, गुरुवार धरले. गोजरबाईंनी ते खरं मानलं आणि दर गुरुवारी सुनेसाठी स्वतः साबुदाणा भिजवायला लागल्या. देवळात सांगून आल्या, "माह्या सुनेनं जिवाले जाच केला म्हनून उतरली. नाहीतर आजकालच्या पोरी!" साबुदाणा सुचिताच्या घशाखाली उतरत नसे. इंजेक्शनमुळे, आणि दुसऱ्या कारणानंही.

तिसऱ्या महिन्याचं नवं पेन तिनं मागच्या शनिवारी आणलं, तसंच खरडलं, तसंच ठेवलं. रविवारी त्यातून एकदा टोचून घेतलं.

गोजरबाईंना अक्षर येत नव्हतं. सहा वर्षं त्या इन्सुलिन स्वतःच घ्यायच्या, पेनचं चाक फिरवून टिचक्या मोजत. सकाळी बावीस, संध्याकाळी सोळा. कोणाची मदत नको, याचा त्यांना अभिमान होता. सोमवारी त्यांचं जुनं पेन संपलं. त्यांनी डब्यातून दुसरं काढलं. उघडलेलं होतं, हाताला तसंच लागलं, टिचक्याही वाजल्या.

बुधवारपासून उलट्या सुरू झाल्या.

काल, शनिवारी दुपारी, डॉक्टरला दाखवायला म्हणून सुचितानं निळा डबा उघडला तेव्हा सासूचं नवं इन्सुलिन खोक्यात तसंच सीलबंद होतं. आणि तिचं पेन, ज्यात आणखी तीन आठवड्यांचं औषध असायला हवं होतं, ते उजेडात धरलं तर रिकामं होतं.  मग तिनं ते पेन कमरेला खोचलं आणि सीलबंद खोका उघडून एक इन्सुलिनचं पेन सासूच्या उशाशी नेऊन ठेवलं. जणू काही झालंच नाही.

संध्याकाळी गावातला डॉक्टर सलाईन लावायला आला. त्यानं विचारलं, "औषधात बदल केला का काही? नवीन काही दिलं का आजींना?" सुचिता बाटली धरून उभी होती. पेन तिच्या कमरेला रुतत होतं.

"नाही," ती म्हणाली.

तो एक शब्द आज सकाळपासून तिच्या तोंडात चव धरून होता. भाकरी झाल्यावर ती गच्चीवर जाऊन आली. ॲपवर लिहिलं, सासूनं चुकून सहा दिवस घेतलं. उत्तर दहा मिनिटांत आलं. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. पेन सोबत न्या. काय घेतलं, किती घेतलं, हे तिथल्या डॉक्टरांना सांगा. वेळ घालवू नका.

ती खाली आली तेव्हा गोजरबाई भिंतीला धरून उठायला बघत होत्या. सुचितानं पुढं होऊन त्यांना काखेत हात घालून उचललं, न्हाणीत नेलं, धरून उभं ठेवलं, तोंड धुतलं, लुगडं बदललं. म्हातारी चार दिवसांत रिकाम्या पोत्यासारखी हलकी झाली होती. तरी तोंड चालूच.

"तुह्या अंगात जोर हाय म्हनून माह्यं निभलं पोरी. ती तुह्यी जाऊ पुन्याची, काडीपहिलवान, तिनं मले न्हानीतच पाडलं असतं."

सुचितानं त्यांना खाटेकडे वळवलं.

"आयक. किडनीचंच हाय ते, मले समजते. तुह्या सासऱ्याचं बी असंच सुरू झालतं. मले अकोल्याले नेऊ नको. सुया टोचून टोचून नको मारू मले. उत्तमले तू सांग, तो तुह्यं आयकते." त्यांनी गळ्यातली सोन्याची माळ चाचपली. "हे काजलले देजो. अन मी देवळात सांगतलं हाय, माह्या सुनेनं कधी मले उलटून शब्द देल्ला नाही, खोटं बोलली नाही."

सुचितानं त्यांना खाटेवर टेकवलं. पांघरूण सारखं केलं. तिचे कान गरम झाले होते, थेट मानेपर्यंत. काल डॉक्टरसमोर ती गप्प राहिली, तेव्हा बाया काय म्हणतील, एवढंच मनात होतं. अंगणवाडीच्या ताईनं वजन उतरवायला सुया घेतल्या, अन सासूला घालवलं. बायांचं हसू तिला कालपर्यंत जगातलं सगळ्यात वाईट वाटत होतं. आता या म्हातारीच्या तोंडून निघालेलं कौतुक ऐकवत नव्हतं.

"मम्मी, बाबा इचारून राह्यले, अकोल्याचं काय?" काजल दारात येऊन म्हणाली. तिच्यामागून उत्तमराव आले, फोन हातात, कपाळावर आठी. "जीपवाला इचारून राह्यला. तू हाव म्हनतं का, का अजून उताराची वाट पाह्यतं?"

सुचितानं कमरेचं पेन काढलं आणि गोजरबाईंच्या खाटेवर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

"हे का होय?" काजल म्हणाली.

"जीप आत्ताच्या आत्ता बोलवा. अकोला नाही, खामगावच्या मोठ्या दवाखान्यात, जवळ पडते. आईची किडनी नाही बिघडली. हे माह्यं वजन उतरवायचं इंजेक्शन हाय. मी लेबल काढून त्याइच्या डब्यात लपवलं होतं, त्याइनं इन्सुलिन समजून सहा दिवस घेतलं. मले कालच समजलं होतं, मी काल डॉक्टरले खोटं सांगतलं. आज मी सोबत येते, अन डॉक्टरले मीच सांगीन."