उभ्याने निवडलेला पंखा

मिरची कांडपाच्या गिरणीसाठी धूळ बाहेर फेकणारा पंखा मीच निवडून दिला होता. तो भिंतीत वर बसवला आणि समोर उभं राहून उदबत्ती धरली. धूर सरळ पंख्याकडे ओढला गेला, तसा मालकाला ऐटीत म्हणालो, "बघा, एकदम फर्स्टक्लास!"

काल सहज डोकावलो. पंखा छान फिरत होता. खाली फरशीवर मिरची चाळत बसलेल्या सुमनबाई नाकावरचा पदर काढून, शेजारी पोतं अंथरत म्हणाल्या, "बसा ना, भाऊ."

बसलो, आणि ठसका लागला. डोळ्यांतून धारा लागल्या. चाळणीतून उडणारी लाल पूड जमिनीपासून हातभर उंचीवरच तरंगत होती. पंख्यापर्यंत पोचतच नव्हती. बायका इथे बसून काम करतात, हे मला ठाऊक होतं. तरी पंखा निवडताना मी एकदाही खाली बसलो नव्हतो. माझ्या नाकाला हवा बरी लागली म्हणजे सगळ्यांनाच बरी, असं आजवर किती ठिकाणी धरून चाललो असेन?

सुमनबाईंनी लगबगीनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आजची मिरचीच जरा तिखट आहे, भाऊ," त्या ओशाळून म्हणाल्या.