चौथ्या ट्रॅकवरची ताई

गल्लीत त्याला सगळे 'अख्खा बँड' म्हणत. गिटार, मेंडोलिन, ड्रम, बासरी, सगळं एकटाच वाजवायचा. गाणीही त्याचीच. खिडकीला गादी टेकवून तो घरीच रेकॉर्ड करायचा. त्याच्या जुन्या कॅसेट मशीनला ट्रॅक चारच. पाचवं काही भरायचं तर आधीचं काहीतरी पुसावं लागे. पंधरा वर्षांत सहा कॅसेट निघाल्या. ऐकल्या त्यांनीच, ज्यांच्या हातात त्यानं त्या कोंबल्या.

घर ताई चालवायची. ती हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर होती; दिवसभर परक्या माणसांना त्यांच्या माणसांचा वॉर्ड सांगायची. मग तिचा घसा बसला, तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती त्याच्या खोलीत आली. "भर मला त्या डब्यात. नाहीतर पुढे तुला शिव्या कोण घालणार?"

तिनं त्याचं नवं गाणं म्हटलं. मध्येच खोकली, वरचा सूर निसटला, आणि संपल्यावर म्हणाली, "झालं का, गाढवा?" तेही चौथ्या ट्रॅकवर उतरलं.

ती हॉस्पिटलमध्ये असताना तो ते रोज ऐकत होता. निसटलेला सूर दातात अडकल्यासारखा झाला. जन्मात एक गाणं धड जमलं होतं, आणि तेवढ्या जागी ते लंगडत होतं. बाकीचे तीन ट्रॅक भरलेले. त्यानं चौथ्या ट्रॅकवरच रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि बारीक आवाज काढून तिच्या ओळी स्वतः म्हटल्या. तिच्यासारख्याच, फक्त बिनचूक.

ताई पाटी-पेन्सिल घेऊन घरी आली. त्यानं गाणं लावलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग लिहिलं : 'गाढव कुठंय?'

"कापलं गं. खोकलाही कापला."

ती हसली. छातीवर बोट ठेवून तिनं शेजारणीलाही ऐकवलं : हा माझा आवाज.

ते गाणं रेडिओवर गेलं आणि चाललं. कार्यक्रमात तो गिटार वाजवी, ताईचा आवाज कॅसेटवरून येई, ताई पहिल्या रांगेत उठून उभी राही. लोक रडत.

एकदा ऐन कार्यक्रमात टेप मशीनमध्ये गुंतली आणि ताईचा आवाज बंद पडला. गिटारवरची त्याची बोटं थांबली नाहीत, आणि सवयीनं त्याच्या तोंडून त्या ओळी बाहेर पडल्या. तोच बारीक आवाज, श्वासही त्याच जागी. टाळ्यांचा पाऊस पडला. या वेळी ताई उठली नाही.

घरी आल्यावर तिनं पाटी त्याच्यासमोर धरली : 'पुन्हा म्हण.'

त्यानं त्या ओळी म्हटल्या. पाटी तशीच. त्यानं पुन्हा म्हटल्या.

नवं गाणं त्यानं त्यानंतर केलं नाही. रोज संध्याकाळी, चहा झाला की, ताई खुर्ची ओढून तीच पाटी घेऊन समोर बसते. आता त्याचाही घसा बसलाय. तिनं पाटी अजून पुसलेली नाही.