एका पावाचा बिल्ला

आमच्या सासूबाईंना रिकामं बसवत नाही. दोन हजार सात-आठची गोष्ट. कॅनडात विनिपेगला आमच्याकडे आल्या, आणि बर्फ पुरतं वितळायच्या आत मला विचारतात, "मेथी कुठे लावू?" मागच्या अंगणात वाफा खणताना त्यांच्या खुरप्याला एक काळी चकती लागली. मी म्हटलं, नळाचा वॉशर असेल, टाका. त्या कसल्या टाकतात! देवाच्या भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून घासघास घासली. पितळेची निघाली. वर इंग्रजीत एक आडनाव, खाली 'एक पाव मिळेल'.

"हा तर बिल्ला आहे," सासूबाई म्हणाल्या. नागपूरला त्यांची पिठाची गिरणी. गिऱ्हाईक डबा ठेवून जातं, पत्र्याचा बिल्ला नेतं, बिल्ला दाखवला की पीठ. सासरे गेल्यापासून ती गिरणी त्यांनी एकटीने चालवली, त्याच पिठावर माझ्या नवऱ्याला इंजिनियर केलं. पाटीवर नाव मात्र अजून सासऱ्यांचंच. आता गिरणी विकून आईला इथेच ठेवून घ्यायचं नवऱ्याने मनावर घेतलं होतं. गिऱ्हाईक ठरलं होतं, मुखत्यारपत्र टेबलावर तयार होतं, फक्त सही बाकी. सासूबाई हो म्हणेनात की नाही म्हणेनात. मेथीला पाणी घालत बसायच्या.

बिल्ला मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. "कोणाचा तरी पाव घ्यायचा राहून गेला ना! कोण होता हा बेकरीवाला, बघू तरी." एका शनिवारी ग्रोसरी सोडून मी त्यांना जुन्या नाण्यांच्या दुकानात नेलं. म्हाताऱ्या दुकानदाराने बिल्ला पाहिला आणि कपाळाला हात लावला. कोणी घासला हा? जुन्या नाण्याचा काळेपणा म्हणे घालवायचा नसतो, सगळी किंमत जाते.

"काय म्हणून राहिला हा?"

"घासायला नको होतं म्हणतोय."

"अवो, मग देवापुढे काय मळकं ठेवायचं?"

हे काही मी त्याला सांगितलं नाही. पण भिंग लावल्यावर तोच बिल्ला पुन्हा पुन्हा फिरवून पाहू लागला. आडनावाच्या आधी बारीक अक्षरं उघडी पडली होती: 'मिसेस'. याच बेकरीचे काळेकुट्ट बिल्ले त्याच्याकडेही होते, आणि ती बेकरी कोणा पुरुषाचीच असं तो इतकी वर्षं समजून बसला होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले हे बिल्ले, त्याने सांगितलं. घरोघरी आधीच पैसे भरून घेऊन ठेवायचे. सकाळी दाराशी एक ठेवला की गाडीवाला तो उचलून पाव ठेवून जायचा. इथल्या थंडीत, घोड्याच्या गाडीतून! मला तर ऐकूनच हुडहुडी भरली.

मग मलाच चेव आला. लायब्ररीत शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या, म्हणजे कोण कुठे राहतं, काय करतं याच्या दरवर्षीच्या याद्या, काढून बसले. आधी तिच्या नवऱ्याचं नाव, पुढे 'बेकर'. मग त्याच पत्त्यावर ती, पुढे 'विधवा'. त्यानंतर मात्र तिच्याच नावापुढे 'बेकर', आणि पुढे कितीतरी वर्षं तसंच. "शाबास गं बाई!" मी मोठ्याने म्हणाले, तर शेजारचा माणूस दचकला.

सप्टेंबरात शहराच्या जुन्या दफनभूमीत त्या बेकरीवालीची कबर सापडली. सासूबाई फॉइलमध्ये गुंडाळून पोळी घेऊन आल्या होत्या. दगडावर तिच्या नवऱ्याचं नाव, त्याखाली 'बेकर', आणि अगदी तळाशी 'व त्याची पत्नी'. संपलं.

सासूबाईंनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग भडकल्याच. "हिने मर मर मरून गावाला पाव खाऊ घातला, अन् हिचं नाव लिहायला दगड कमी पडला?" त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही रडू आवरेना. पोळी तिथे गवतावर ठेवून आम्ही निघालो.

घरी आल्यावर नवऱ्याने नेमकं तेव्हाच पेन पुढे केलं. "आई, तेवढी सही करून टाकतेस का?" अंगातलं जॅकेटही न काढता त्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि नागपूरला गिरणीवरच्या माणसाला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं.

"ऐक, गिरणी विकायची नाही. मी परत येऊन राहिली. अन् रंगाऱ्याला बोलाव. पाटीवर ह्यांचं नाव आहे ना, ते राहू दे. त्याच्या वर माझं घाल. मोठं."